कमलआक्काचा हेवा

आमच्या घरात मे महिन्याची भीती असायची. उन्हाची नाही, ऊन काय सगळ्यांनाच लागतं. भीती अशी की शाळा बंद झाली की शाळेतली खिचडी बंद. बाकीच्या पोरांना सुट्टी लागायची, आम्हाला दुपार लागायची.

कारखान्याचा हंगाम असेपर्यंत वडील उसाच्या ट्रॅक्टरवर जायचे. हंगाम संपला की ट्रॅक्टरही उभा आणि वडीलही उभे. मग सगळं घर आईच्या खुरप्यावर. आई सकाळी टोळीबरोबर रोजानं निघायची. जाताना दोन भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवायची, वर चटणीचा गोळा. "दुपारी खावा," एवढंच सांगायची. आता दुपार कशाला म्हणतात हे माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला, कधी कळलंच नाही. आई कालव्याच्या पुलापर्यंत पोचायच्या आत त्याची दुपार होऊन जायची. मग तो माझ्या भाकरीकडं बघत बसायचा. मी त्यातली अर्धी द्यायचे आणि देताना त्याच्यावर चिडायचे. नंतर कैऱ्या, मीठ, आणि तांब्याभर पाणी पिऊन झोप. झोप लागली तर संध्याकाळ लवकर येते.

सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. चारी बाजूंना हिरवागार ऊस. एसटीतून जाणाऱ्याला वाटावं, इथं कुणाला काय कमी असणार! ऊस होता, पण तो दुसऱ्यांचा होता.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी जाईन तिथं सांगते, म्हणून इथंही सांगितलं. पण पदवीपर्यंत जायला आधी तो मे महिना पार करावा लागायचा, आणि तो आम्हाला पार करून दिला कमलआक्कानं. ती दयाळू होती म्हणून नाही. दयाळू ती नव्हतीच. ती जळकी होती.

आक्का आमच्यापासून दोन घरं पलीकडं राहायची. उंच, हाडं दिसणारी, चालताना मान पुढं काढून चालायची. बायकांच्या टोळीची ती मुकादमीण, म्हणजे कुणाच्या रानातली खुरपणी, कांदाकाढणी ठरवून घ्यायची आणि बायका घेऊन जायची. कुणाच्याही घरात शिरली की बसायच्या आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघायची. आत कालवण चांगलं दिसलं की तिचा चेहरा पडायचा. साधं असलं की निवांत मांडी घालून बसायची. कुणी नवं लुगडं नेसलं तर पदर दोन बोटांत धरून बघायची आणि म्हणायची, "लई भारी हाय. मला आज झोप यायची न्हाय."

बाकीची माणसं जळतात आणि लपवतात. वर "छान हाय हो" म्हणतात. आक्काला ते जमायचं नाही. "जळती मी. खोटं कशाला बोलू?" असं ती तोंडावर सांगायची. त्यामुळं गंमत अशी की वस्तीवर कुणाकडं नवीन काही आलं की आधी आक्काला दाखवायला न्यायचे. ती जळली म्हणजे वस्तू चांगली, हा आमच्याकडचा शिक्का.

तिचे मालक, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, शेरडं राखायचे आणि कमी बोलायचे. पण एकदा बोलले ते वस्तीच्या लक्षात राहिलं. "हिला सर्गात न्हेली तरी ही शेजारच्याच्या सर्गात डोकावून बघंल."

वस्तीवर शेवग्याची झाडं पुष्कळ. आक्का शेंगांची मोळी बांधून एसटीनं बारामतीला जायची, बंगल्यांच्या कॉलनीत विकायची. एका मे महिन्यात अशीच गेली आणि संध्याकाळी सगळ्या शेंगा घेऊन परत आली, वाळून दोऱ्या झालेल्या. नळावर बायका होत्या. मीही कळशी घेऊन होते.

"काय गं, गिऱ्हाईक न्हाय मिळालं?" पारूबाईनं विचारलं. पारूबाई टोळीतलीच. आक्काची जन्माची मैत्रीण आणि जन्माची वैरीण.

"विकाया गेलीच न्हाय."

"मग दिसभर काय केलंस?"

"बघत बसली हुती."

मग तिनं सांगितलं. कॉलनीतल्या शाळेच्या मैदानात मंडप होता. पोरं सगळी एकसारख्या टोप्या घातलेली. आधी कागदाचे पक्षी केले, मग गाणी म्हटली, मग एका निळ्या हौदात डुंबली, आणि दुपारी पंगतीत बसून पुऱ्या आणि आमरस जेवली. ही तारेच्या कुंपणाला धरून उभी. वॉचमन आला, म्हणाला, मावशी, कुणाला न्यायला आलाय?

"मी म्हणलं, ही पोरं अनाथ हायेत व्हय? तर त्यो हसाया लागला. म्हणला, डाक्टर-विंजिनेरांची हायेत, सुट्टीचं शिबिर हाय, पैसं भरून येत्यात."

"मग असू दे की," माझी आई म्हणाली. "त्यांची पोरं, त्यांचं पैसं."

"असू दे कसं?" आक्का कडाडली. "ज्यांच्या घरात खायाला ठेवाय जागा न्हाय, त्यांच्या पोरांना दुपारचं बसवून वाढत्यात. आन आपल्या पोरांच्या घरात टोपली पालथी, तर त्यांना म्हणत्यात सुट्टी हाय, घरी जावा! माज्या पोटात नुसती आग पडलीया."

"तुज्या पोटात रोजच पडती," पारूबाई म्हणाली.

"आज जास्त पडलीया."

शेतकऱ्यांच्यात सावड असते. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या. पैसा मध्ये येत नाही. आमच्या टोळीतल्या बायकांना रानंच नव्हती, त्यामुळं सावड ही आमच्या कामाची गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी बांधावर भाकरी सोडताना आक्का म्हणाली, "आपल्याला रानं न्हायती म्हणून काय झालं, पोरं तर हायती. पोरांची सावड करू. रोज एकीनं मागं ऱ्हायाचं आन समद्यांच्या पोरांना दुपारचं करून घालायचं. तिची सरी बाकीच्यांनी खुरपायची. हजेरीचं पैसं समद्यांना सारखं."

"आन घरी बसून हजेरी खाणारीचं कौतुक कोण करणार?" एक जण म्हणाली.

"एक दिस माज्या दत्त्याला सांभाळून बघ," माझी आई म्हणाली, "मंग सांग कोण बसून खातंय ते."

बायका हसल्या आणि ठरलं. शिधा घरटी वाटीवाटी, रेशनचा तांदूळ, डाळ, ज्याच्याकडं जे असेल ते. ज्या रानात टोळी जाई तिथला बारका कांदा, फुटके टोमॅटो मालक तसेही टाकून देत. ते पदरात यायचं. शाळेचं स्वयंपाकघर कुलपात, म्हणून समाजमंदिराच्या मागं तीन दगडांची चूल. पहिल्या दिवशी आमटी-भात होता. दत्ता तीनदा मागून घेऊन जेवला आणि तिथंच आडवा झाला. मला माझी भाकरी पहिल्यांदा पुरी मिळाली, कारण ती संध्याकाळपर्यंत टोपलीतच राहिली.

आक्का वाढायला उभी राहायची तेव्हा ती प्रत्येक पोराला काहीतरी टोचून बोलायची. पळीभर आमटी घालायची आणि म्हणायची, "मज्जा हाय बाबा तुमची. ऐतं!" कुणाला जास्त वाढलं की त्याच्या ताटाकडं असं बघायची की पोरगं घाबरून ताट जवळ ओढायचं. पण घाबरलेल्या पोराला ती अजून एक पळी वाढायची. तिला आमचा खरोखर हेवा वाटायचा, आणि हेवा वाटला की ती जास्त वाढायची. याचा मेळ मला बी.ए. होऊनही नीट घालता आलेला नाही.

सावडीत पारूबाईचा दिवस आला आणि तिनं हुलग्याची शेंगोळी केली. लसूण-मिरचीच्या रश्शात शिजवलेली, बोटाएवढी. पोरांनी ताटल्या चाटल्या. संध्याकाळी वस्तीभर एकच, शेंगोळी, शेंगोळी. आक्कानं उरलेली चाखली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

"व्हय, म्हणून तर तू दुसऱ्यांदा घेतलीस," पारूबाई म्हणाली.

पुढचा दिवस आक्काचा. तिनंही शेंगोळीच केली. ती रश्शात विरघळली आणि पातेल्यात एक मोठा गोळा तयार झाला. पोरांनी ताटं पुढं केलीच नाहीत. शेवटी दत्ता म्हणाला, "आक्का, हे पिठलं हाय का?"

दुसरी कुणी असती तर पोराला धपाटा घातला असता. आक्का पातेल्याकडं बघत राहिली. मग तिनं पळी खाली ठेवली, संध्याकाळी टोळी परतताच पारूबाईच्या दारात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पारे, तुज्या हाताला चव हाय. माज्या न्हाय. याचा मला लई राग हाय. उद्यापास्नं माज्या वाटणीचा सैपाक बी तूच करायचा."

"आन तू काय करणार?"

"मी? मी जळत बसणार आन पोरं सांभाळणार."

तेव्हापासून तिची ती पद्धतच पडली. टोळीतल्या एकीचा गळा गोड होता, आक्काला तो सहन होत नसे, म्हणून गाणी तिच्याकडं. एकीच्या गोधडीचे टाके पाहून आक्काचं डोकं दुखायचं, म्हणून पोरींना शिवण शिकवायचं काम तिच्याकडं. माझ्या आईला सोंगट्या, चिंचोके, कवड्या, असले बैठे खेळ यायचे आणि ती कधी हरत नसे. आक्का तिच्याशी खेळताना फासे फेकून उठायची. म्हणून बैठे खेळ आईकडं. मी एकदा विचारलं, "आक्का, कुणाला काय येतं ते तुला कसं कळतं?"

"त्यात काय कळायचंय, रेखे? जितं माज्या पोटात दुखतं, तितं त्या बाईचं कायतरी चांगलं असतं."

हौदात डुंबणारी पोरं मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. "त्यांना निळं पानी आन आपल्यास्नी कायच न्हाय?" कालव्यात पोरं सोडायला ती तयार नव्हती, कालव्याच्या पाण्याला ओढ. विहीर हवी होती. वस्तीच्या खाली किसनआबांची बांधीव विहीर होती, पायऱ्या असलेली. आबा मोठे बागायतदार, मनानं वाईट नाहीत, पण विहिरीजवळ पोर दिसलं की काठी उचलायचे. आक्का त्यांच्याकडं गेली ती आम्हाला घेऊनच. काही मागितलं नाही. ओट्यावर बसून सुपारी कातरत म्हणाली, "आबा, कन्हेरीला एक बागायतदार हायेत म्हणं. सुट्टीत गोरगरिबांच्या पोरांना पवाया हीर दिली. वर सवताचा गडी बसवला काठावर. मोठं मन म्हणायचं. समद्या तालुक्यात नाव झालंय त्यांचं."

आबांची सुपारी तोंडातच राहिली. "कोण कन्हेरीचा?"

"नाव काय ध्यानात न्हाय बगा. पर मानूस लई मोठा."

"आमी काय बारकी मानसं हाय का?" आबा उसळले. "आमची हीर त्याच्या हिरीपरास मोठी हाय! उद्यापास्नं आणा पोरं. दोन गडी बसवतो."

परत येताना मी विचारलं, कन्हेरीत कोण गं ते?

"मला काय म्हाईत? आसंल कोण तरी. एवढी मोठी कन्हेरी हाय."

आबांच्या गड्यांनी आमच्या कमरेला तेलाचे रिकामे कॅन बांधले आणि एकेकाला पाण्यात सोडलं. आक्का वरच्या पायरीवर बसायची. तिला पोहता येत नव्हतं. मी पहिल्यांदा कॅन सोडून विहीर पार केली, धापा टाकत पायरीला धरलं, तर ती वाकून म्हणाली, "कसं वाटतं गं पान्यात?"

"गार."

"येवडंच? नीट सांग की!"

मी सांगायचा प्रयत्न केला. पाणी अंगाखाली हलतं, आपलं वजन कुणीतरी दुसरंच धरतंय असं वाटतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जा, अजून एकदा जा. मी बघती." आणि तोंड फिरवून पदरानं मान पुसायला लागली.

आक्का जळायची तशी आमच्यामुळं बाकीचीही जळायला लागली. आम्ही संध्याकाळी घरी येऊन आक्का असं म्हणाली, आक्कानं तसं केलं, असं सांगत सुटायचो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मग तिच्याकडंच ऱ्हावा. हितं कशाला आला?" आणि भाकरीवर हात जरा जोरात बसायचा. माझंही वेगळं नव्हतं. आक्कानं दुसऱ्या कुठल्या पोरीची वेणी घातली की माझं त्या पोरीशी भांडण ठरलेलं. आजही वस्तीवरचं कुणी "आमची आक्का" म्हणालं की मला वाटतं, तुमची कशी? माझी.

वर्षं गेली. मी बारावी झाले, बारामतीच्या कॉलेजात गेले. मागं वस्तीवर दर मे महिन्यात सावड चालू होती, नवी पोरं येत होती. मी शेवटच्या वर्षाला असताना तिथल्या एका संस्थेनं गरीब मुलांसाठी त्या वर्षीचं मोफत उन्हाळी शिबिर जाहीर केलं. खेळ, चित्रकला, जेवण, आणि गावोगाव न्यायला बस. मदतनीस म्हणून माझी निवड झाली. ती निवड मुलाखत देऊन झाली, मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पिवळा टी-शर्ट मिळाला. बस आमच्या वस्तीलाही जाणार आहे हे कळल्यावर मी आनंदानं आईला फोन केला. आक्काचं काय होईल हे माझ्या मनात आलं नाही. ते पुढं आईनं सांगितलं.

पहिल्या दिवशी बस आली, भोंगा वाजला आणि वस्तीतली पोरं त्यात भरून गेली. समाजमंदिरामागं पारूबाईचं पातेलं शिजून तयार. जेवायला आली तीन पोरं, ज्यांना गाडी लागायची ती. आक्का त्या तिघांना वाढून पातेल्याजवळ बसली. संध्याकाळी पोरं पिवळे टी-शर्ट घालून, हातात बिस्किटांचे पुडे घेऊन उतरली आणि प्रत्येकजण तिला दाखवायला धावला. वस्तीची रीतच होती ती, नवीन काही आलं की आधी आक्काला दाखवायचं.

त्या दिवशी मात्र ती "भारी हाय" म्हणाली नाही. घरात गेली आणि सकाळी बायकांना म्हणाली, "बंद. सावड बंद. ज्याला बशीत जायाचंय त्यानं बशीत जावं."

"अगं, बस काय जलमभर येणार हाय का?" पारूबाई म्हणाली.

"मग आपुन काय जलमभर सांडलेलं गोळा करायचं का?" आणि तिनं बावड्याच्या बाजूचं मोठं खुरपणीचं काम घेतलं. पहाटे टेम्पोनं जायचं, अंधार पडता पडता यायचं, सगळ्या बायका धरून. मालकाला शब्द दिला. आता मागं राहायला कुणीच उरलं नाही.

पण स्वतः ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी आमची बस मैदानात थांबली, पोरं उतरली आणि सगळ्यांत शेवटी आक्का उतरली. ड्रायव्हर माझ्याकडं येऊन म्हणाला, "ताई, ह्या मावशी ऐकत नाहीत. मी यांची आक्का आहे म्हणतात."

आक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिवळ्या टी-शर्टवर तिची नजर थांबली.

"तू बी?"

मी काहीतरी बोलले. तिनं ऐकलं नाही. एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून मांडवाच्या कोपऱ्यात बसली ती दिवसभर. स्वयंपाकघरात गेली, झाकणं उचलली. पोरांचे हात धुऊन घेतात का, बारक्यांना आधी वाढतात का, रडणाऱ्याला कोण घेतं, सगळं पाहिलं. मी मधूनमधून तिच्याकडं बघत होते आणि तिचा चेहरा उतरतच चालला होता. दुपारनंतर तिला पाणी द्यायला गेले तर म्हणाली, "येक खोट सापडंना गं. सकाळपास्नं हुडकतीया. पुऱ्या बी टम्म फुगल्यात."

शिबिराच्या प्रमुख मॅडम तिची चौकशी करायला आल्या. बाई चांगल्या होत्या, आक्कासमोर खाली सतरंजीवरच बसल्या.

"आवडलं का आक्का शिबिर?"

"न्हाय आवडलं. लई चांगलं हाय म्हणून न्हाय आवडलं." मग आक्का म्हणाली, "हे किती दिस?"

"मंगळवारी समारोप आहे."

"आन बुधवारी?"

मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे, आक्का. ते पुरत नाही. आमच्याकडे यंदा बस, मांडव, माणसं धरून एवढ्याच दिवसांचं बळ आहे. दरवर्षी समारोपाला मला बुधवार आठवतो."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटतं, आपल्यासारखंच पोटात दुखणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं. ती खुर्चीवरून उतरून त्यांच्या शेजारी खाली बसली.

"तुमचं बळ बशीत आन मांडवात जातंय. माज्याकडं बाया हायती, चूल हाय, हीर हाय. शिधा तेवडा वाटीवाटीचा हाय. तुमी फुडल्या वर्साला शिधा द्या. आमी आख्खी सुट्टी घालतो जेवाय. शाळा उघडंस्तवर."

"बोलू आपण," मॅडम म्हणाल्या. "विश्वस्तांना विचारावं लागेल. पण मी विचारेन."

"इचारा." आक्का उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. "आन मला बी एक पिवळा द्या. मोट्या मापाचा. पारूला न्हाय दिला तरी चालंल."

समारोप झाला. बुधवारी सकाळी वस्तीतली पोरं सवयीनं रस्त्यावर येऊन बसली. बस येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी बसली. बायका टेम्पोनं बावड्याकडं गेलेल्या. आक्कानं शब्द दिलेला, तो मोडायचा म्हणजे मालक पुढं काम देणार नाही. मी त्या दिवशी वस्तीवर आले होते. आक्का दारात उभी राहून पोरांकडं बघत होती. "बंद" तिनंच म्हटलं होतं, चारचौघींसमोर म्हटलं होतं, आणि म्हटलेलं मागं घेणं तिला कधी जमलं नव्हतं.

मग तिनं साडीवरून तो पिवळा टी-शर्ट घातला. गुडघ्याला पोचत होता. पातेलं उचललं आणि रस्त्यावर जाऊन म्हणाली, "चला. आज सैपाक मी करणार हाय. कुणी नाक मुरडलं तर हिरीत टाकीन."

तिनं खिचडी केली. खाली करपली, वर कच्ची. पोरं बसली. एक बारकी म्हणाली, "आक्का, तितं पुऱ्या हुत्या."

"व्हय? अजून काय हुतं?"

"शिरा हुता. काकडी हुती."

"शिऱ्यात काय घातलं हुतं?"

"केळं."

"केळं!" आक्काला ते लागलं. "अजून सांग. समदं सांग. गप खात खात सांग."

पोरं सांगत गेली आणि खात गेली. ती पळी हातात धरून ऐकत होती, एकेका पदार्थाला तिचा चेहरा आवळत होता, आणि पातेलं रिकामं झालं. बायकांचं काम संपेपर्यंत रोज ती तशीच करपवत राहिली, आणि पोरं रोज जेवली. पारूबाई परत आल्यावर पातेल्याचं काळं बूड बघून म्हणाली, "ही पोरं जगली कशी?"

"माज्यावर जगली," आक्का म्हणाली. "तुज्यावाचून अडलं न्हाय कुणाचं." आणि त्याच दमात, "उद्यापास्नं तू कर. शिऱ्यात केळं घाल."

पुढच्या मे महिन्यात संस्थेचा टेम्पो शिधा घेऊन आला. मॅडमनी विश्वस्तांना विचारलं नुसतं नव्हतं, त्या भांडल्याही होत्या. मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीच्या परवानगीनं शाळेच्या स्वयंपाकघराची किल्ली बायकांकडं दिली. बावड्याच्या रानात खुरपताना आमच्या बायकांनी तिथल्या मजूर बायकांना सावडीची गोष्ट सांगितली होती. त्यांनीही ती सुरू केली, मग कन्हेरीच्या बाजूलाही झाली. आक्काला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं पहिला प्रश्न केला तो हा, "बावड्याच्या बायांचं आपल्यापरास चांगलं चालत न्हाय न्हवं?"

तिची माझी शेवटची गाठ इंदापूरच्या एसटी स्टँडवर पडली. मी तोवर नोकरीला लागले होते, कामासाठी आले होते. ती बाकावर एकटी बसलेली, कमालीची वाळलेली, हातात पाण्याची बाटली. पदराआड पिवळं काहीतरी दिसत होतं. मी हाक मारली तर तिनं ओळखलं, पण नजर गाड्यांकडं.

"कुठं निघालीस एवढ्या उन्हात? तब्येत बरी न्हाय ना तुझी?"

"बावड्याला. तितल्या बाया म्हणं पोरींना सायकल शिकीवत्यात. चार सायकली मिळवल्यात कुणाकडनं तरी. बघून येती."

"फोन करून विचार की."

"फोनवर दिसतंय व्हय? डोळ्यांनी बघाय पायजे. चार दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाय माज्या." मग तिनं माझ्या खांद्यावरच्या पर्सला दोन बोटांत धरून पाहिलं. "चामड्याची हाय?"

"हो."

"लई भारी हाय," ती म्हणाली, आणि तेवढ्यात गाडी लागली. मी हात धरून चढवायला गेले तर तिनं माझा हात झटकला आणि दांड्याला धरून स्वतःच चढली. खिडकीची जागा दुसऱ्या एका बाईनं धरलेली होती. गाडी सुटली तेव्हा आक्का त्या बाईला काहीतरी सांगत होती, आणि ती बाई खिडकी सोडून उठत होती.

दिवाळीच्या आधी ती गेली.

यंदाच्या सुट्टीत आमच्या वस्तीवर, बावड्यात आणि कन्हेरीजवळच्या वस्तीवर शाळा उघडेपर्यंत रोज दुपारचं जेवण झालं. एकही पोर उपाशी राहिलं नाही. आमच्या पोरी आता सायकल चालवतात.